कुणाच्या निष्काळजीपणामुळे आजाराची लागण झाली, तर नुकसानभरपाई कशी मागायची?

२०१५ साल संपत आलं होतं. वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाल्याचं समोर आलं. पुढच्या उपचारांसाठी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हलवावं लागलं. नीट दिसावं म्हणून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या कित्येकांची त्या डोळ्याची दृष्टीच गेली.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर पहिली कमेंट ठरलेली असते, 'ग्राहक न्यायालयात खेचा.' पण रुग्णालय सरकारी असेल आणि उपचार मोफत झालेले असतील, तर बहुतेक वेळा ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद असतो. मग रुग्णाने काहीच करायचं नाही का? करता येतं, पण रस्ता वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी असते. चुकीच्या दारात वर्ष-दीड वर्ष घालवलं, तर खऱ्या दाराची मुदत निघून जाण्याची भीती असते.

म्हणून लागण कुठे झाली, पैसे कुणी भरले, पुरावा काय लागतो आणि अर्ज कुठे करायचा, हे सगळं या लेखात क्रमाने पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- नुसती लागण झाली म्हणून भरपाई मिळत नाही. समोरच्याची चूक आणि त्या चुकीमुळेच झालेली लागण, दोन्ही दाखवावं लागतं.
- पैसे देऊन घेतलेल्या खासगी उपचारांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षे.
- पूर्ण मोफत सरकारी उपचारांसाठी दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय किंवा मानवी हक्क आयोग.
- हॉटेलच्या किंवा पॅकबंद अन्नातून बाधा झाली, तर अन्नसुरक्षा कायद्यात भरपाईची वेगळी तरतूद आहे.
- कामाच्या ठिकाणी लागण झाली, तर काही कामांमध्ये मालकाची चूक सिद्ध करण्याचीही गरज नसते.
- पहिल्या आठवड्यात गोळा केलेली कागदपत्रं पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

लागण झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं असतं का?

नाही. सगळी काळजी घेऊनही शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना जंतुसंसर्ग होतो. मधुमेह, वय, कमी प्रतिकारशक्ती अशी कारणंही असतात. त्यामुळे न्यायालय तीन प्रश्न विचारतं.

पहिला, समोरच्यावर तुमची काळजी घेण्याची जबाबदारी होती का? डॉक्टर, रुग्णालय, रक्तपेढी, हॉटेलमालक, पाणीपुरवठा करणारी संस्था यांच्यावर ती असतेच, त्यामुळे इथे सहसा वाद होत नाही.

दुसरा, त्यांनी ती काळजी घेतली नाही, असं दिसतं का? उपकरणं निर्जंतुक न करणं, एकच सिरिंज दोघांना वापरणं, तपासणी न केलेलं रक्त देणं, विहिरीत टीसीएल पावडर न टाकणं ही याची उदाहरणं. डॉक्टरांच्या बाबतीत कसोटी अशी, की त्या परिस्थितीत एखाद्या साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का? उपचाराला यश आलं नाही, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीत.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड असतो. लागण तिथूनच झाली, हे कशावरून? जंतू कुठूनही येऊ शकतो. कावीळ झाली तर ती गावच्या पाण्यातून, बसस्टँडवरच्या उसाच्या रसातून की लग्नाच्या जेवणातून आली, हे डोळ्यांना दिसत नाही. संसर्गजन्य आजाराच्या बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर अडतात.

मग हे सिद्ध कसं होतं?

तीन गोष्टी कामी येतात.

एक, वेळेचा मेळ. प्रत्येक आजाराला लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ठरावीक काळ लागतो. अन्नातली विषबाधा काही तासांत कळते, तर 'अ' प्रकारच्या काविळीला दोन ते सात आठवडे लागतात. काल हॉटेलात जेवलो आणि आज कावीळ निघाली, तर ती त्या जेवणातून आलेली नसते. डॉक्टरांना हा काळ विचारून तक्रारीत लिहा.

दोन, इतरांनाही तोच त्रास. एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियागृहात ऑपरेशन झालेल्या अनेकांना एकसारखाच संसर्ग झाला, तर 'रुग्णाला मधुमेह होता' हे उत्तर पुरत नाही. वाशिमसारख्या घटनेत रुग्णांची संख्या हाच मोठा पुरावा असतो. म्हणून आपल्यासोबत आणखी कोण आजारी पडलं, हे लवकर शोधलं पाहिजे.

तीन, गोष्ट इतकी उघड असणं की खुलासा समोरच्यानेच द्यावा. कायद्यात असं एक तत्त्व आहे. घडलेला प्रकार निष्काळजीपणाशिवाय सहसा घडत नसेल आणि सगळा ताबा समोरच्याकडे असेल, तर काय झालं ते त्यानेच सांगायचं.

महाराष्ट्रातलाच एक जुना खटला इथे उपयोगी आहे. १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात एका महिलेची बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा तुकडा राहिला, पू झाला आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. तो तुकडा नेमका कुणाच्या हातून राहिला, हे सिद्ध करणं कुटुंबाला शक्य नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निष्काळजीपणा उघड आहे आणि त्याची जबाबदारी राज्य सरकारवर आहे. सरकारी रुग्णालय आहे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हे या निकालाने स्पष्ट केलं. पण निकाल आला १९९६ मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी, आणि मूळ दाव्यात मंजूर झालेली रक्कम होती ३६ हजार रुपये. दिवाणी मार्ग किती लांबू शकतो, हेही यातून लक्षात येतं.

दुसरा निकाल अलीकडचा. हवाई दलातल्या एका कर्मचाऱ्याला २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या लष्करी रुग्णालयात रक्त दिलं गेलं. २०१४ मध्ये एचआयव्हीचं निदान झालं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार फेटाळली होती. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ५४ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. रक्ताची नीट तपासणी झाली होती, हे दाखवणाऱ्या नोंदी रुग्णालयाकडे असायला हव्या होत्या. त्या नसल्याचा भार रुग्णावर पडला नाही.

'तज्ज्ञ डॉक्टरचं मत नाही, म्हणून केस उभीच राहणार नाही' असंही अनेकदा ऐकवलं जातं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकरणात सांगितलं, की ग्राहक आयोगापुढच्या प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. त्या प्रकरणात रुग्णाला मलेरिया होता आणि उपचार टायफॉइडचे चालले होते. गुंतागुंतीच्या प्रकरणात मात्र असं मत असलेलं बरं.

कुठे तक्रार करायची?

आता मुख्य प्रश्न. लागण कुठून झाली, त्याप्रमाणे रस्ता बदलतो.

१. खासगी दवाखाना किंवा रुग्णालय

इथे सरळ मार्ग ग्राहक आयोगाचा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात ठरवलं. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आल्यावरही ते कायम राहिलं.

तुम्ही भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. इथे भरलेली रक्कम धरतात, मागितलेली भरपाई नाही. म्हणजे बिल ६० हजारांचं असेल, तर भरपाई कितीही मागा, तक्रार जिल्ह्यातच होते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.

आणखी एक सोय अशी, की तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मानोऱ्याच्या माणसाचं ऑपरेशन नागपूरच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात झालं असलं, तरी तक्रार वाशिमच्या आयोगात चालते. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवरूनही भरता येते. वकील लावणं सक्तीचं नाही. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर मोफत उपचार करतात, तिथला मोफत उपचार घेतलेला रुग्णही ग्राहक ठरतो, असं १९९५ चा निकाल सांगतो. विमा कंपनीने बिल भरलं असेल, तरी उपचार मोफत धरले जात नाहीत. त्याच धर्तीवर, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खासगी रुग्णालयाला सरकारकडून पैसे मिळतात, तेव्हा 'उपचार फुकट होते' या रुग्णालयाच्या म्हणण्याला उत्तर देता येतं.

२. सरकारी रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, सरकारी शिबिर

सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहतं. केस पेपरसाठी भरलेले पाच-दहा रुपये म्हणजे उपचाराची किंमत होत नाही. पण पुढचे रस्ते उघडे असतात.

दिवाणी दावा: राज्य सरकारविरुद्ध दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

उच्च न्यायालय: वाशिम जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या हद्दीत येतो. सरकारी यंत्रणेची चूक उघड दिसत असेल, तर रिट याचिकेत भरपाई मागता येते. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथे १९८६ मध्ये नेत्रशिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या ८४ जणांच्या डोळ्यांना जंतुसंसर्गामुळे कायमची इजा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८९ मध्ये न्यायालयाने आधीच्या ५ हजारांशिवाय प्रत्येकी आणखी १२ हजार ५०० रुपये देण्यास राज्य सरकारला सांगितलं. रक्कम आज छोटी वाटते, पण मोफत शिबिरातल्या गरीब रुग्णांनाही राज्याकडून भरपाई मिळू शकते, हे तिथे दिसलं.

राज्य मानवी हक्क आयोग: अर्जाला शुल्क नाही, साधं पत्रही चालतं. आयोग चौकशी करून भरपाईची शिफारस करू शकतो. घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

स्थायी लोकअदालत: हिची माहिती फार कमी लोकांना असते. रुग्णालयाची सेवा, पाणीपुरवठा आणि सार्वजनिक स्वच्छता हे विषय तिच्या कक्षेत येतात. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, तो फसला तर ती निकालही देऊ शकते. १ कोटी रुपयांपर्यंतचे वाद तिच्याकडे नेता येतात. मात्र प्रकरण आधीच न्यायालयात गेलेलं नसावं. आपल्या भागासाठी अशी लोकअदालत कुठे बसते, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

३. रक्त चढवल्यानंतर झालेली लागण

रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणं रक्तपेढीला बंधनकारक आहे. तरीही घटना घडतात. २०२१ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात एका तान्ह्या मुलीला रक्त दिल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचं प्रकरण गाजलं आणि आरोग्यमंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांबाबत असंच समोर आलं, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली.

रक्तपेढीचं नेहमीचं उत्तर असतं, 'तपासणीत रक्त निर्दोष होतं.' रक्तदात्याला नुकतीच लागण झाली असेल, तर सुरुवातीचे काही दिवस साध्या चाचणीत ती दिसत नाही, हे खरं आहे. म्हणून वाद असा होतो, की कोणती चाचणी केली, कोणत्या तारखेला केली आणि तिची नोंद कुठे आहे? यासाठी पिशवीचा क्रमांक लागतो. तो रुग्णाच्या केस पेपरमध्ये लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. घरातल्या इतरांची तपासणी करून घ्या. आई-वडील दोघंही निगेटिव्ह असतील आणि मूल पॉझिटिव्ह, तर तो फार महत्त्वाचा पुरावा ठरतो.

नाव उघड होण्याच्या भीतीने अनेक कुटुंबं गप्प बसतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यामुळे खटल्यात नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते.

४. हॉटेल, केटरर, पॅकबंद पदार्थ

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ६५ मध्ये भरपाईचे आकडेच दिले आहेत. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाला तर किमान ५ लाख, गंभीर इजा झाली तर ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा उघडा असतोच. लग्नाच्या पंगतीत पैसे यजमानाने भरले असले, तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही ग्राहक या व्याख्येत बसू शकतो.

उरलेलं अन्न फेकू नका. झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. नमुना तपासायला गेला नाही, तर नंतर हाती फक्त तोंडी सांगणं उरतं.

५. गावचं किंवा शहराचं पाणी

नळाचं पाणी गटाराच्या पाण्यात मिसळलं आणि गल्लीत घराघरांत जुलाब सुरू झाले, हे पावसाळ्यात अनेक गावांनी पाहिलं आहे. जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा नगर परिषदेची असते. पण व्यक्तीला भरपाई मिळवायची, तर त्याच आठवड्यातला पाण्याचा अहवाल हवा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच होता. अशा आजारात मूळ जंतुसंसर्ग आणि हातापायातली ताकद जाणं यात दिवसांचं, कधी आठवड्यांचं अंतर असतं. तोवर पाइप दुरुस्त होतो, क्लोरीन वाढवलं जातं आणि पुरावा वाहून जातो.

म्हणून लगेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि आरोग्य सेवकाला पाण्याचा नमुना घ्यायला लावा. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: टीसीएल पावडरची खरेदी व वापराची नोंद, मागच्या वर्षभरातले पाणी तपासणी अहवाल आणि पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण करून गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं होतं त्याची प्रत. लाल कार्ड मिळूनही काही केलं नसेल, तर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही.

गळती थांबवायची घाई असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. याने भरपाई मिळत नाही, पण दुरुस्तीचा आदेश निघू शकतो. पैसे नाहीत ही सबब पालिकेला सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात बजावलं आहे.

६. कामाच्या ठिकाणी झालेली लागण

परिचारिका, प्रयोगशाळेतले कर्मचारी, सफाई कामगार, जनावरांच्या दवाखान्यात किंवा मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावण्याचं काम करणारे, यांच्या कामातच लागणीचा धोका असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अशा कामांतले संसर्गजन्य आजार 'व्यवसायजन्य आजार' मानले. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला आहे. इथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, काम आणि आजार यांचा संबंध दाखवला की पुरतं. ईएसआयचं कार्ड असेल, तर लाभ त्या योजनेतून मिळतो.

सुई टोचली तर त्याच पाळीत लेखी कळवा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. त्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल आणि नंतरचा पॉझिटिव्ह अहवाल, दोन्ही मिळून पुरावा होतो.

शेजाऱ्याकडून, नातेवाइकाकडून लागण झाली तर?

सर्दी, फ्लू, गोवर अशा आजारांत कुणाकडून लागण झाली हे दाखवणं जवळपास अशक्य असतं आणि भरपाईचा दावा टिकत नाही. जिवावर बेतणारा रोग पसरेल असं वागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे. पण ती फौजदारी बाब झाली.

पोलिसांत तक्रार केली तर पैसे मिळतात का?

फक्त तेवढ्याने नाही. डॉक्टरविरुद्ध गुन्हा दाखल होण्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो. २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी आधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत घ्यायला सांगितलं आहे. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल डॉक्टरचा परवाना निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. या दोन्ही तक्रारी करता येतात, मात्र त्या चालू आहेत म्हणून भरपाईच्या दाव्याची मुदत थांबत नाही.

सानुग्रह मदत ही आणखी वेगळी गोष्ट. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळाले, ते कुणाची चूक ठरवून दिलेले नव्हते. आपत्तीत सरकारने दिलेली ती मदत होती. अशी मदत घेतली म्हणून भरपाई मागण्याचा हक्क आपोआप संपत नाही. फक्त 'आता काही तक्रार नाही' अशा कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

मुदत किती?

- ग्राहक आयोग: २ वर्षे. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग माफी देऊ शकतो. एचआयव्हीसारख्या आजारात लागण कळते तेव्हापासून मुदत मोजावी, असं म्हणायला जागा असते.
- मानवी हक्क आयोग: १ वर्ष.
- मृत्यूबद्दल वारसांचा दिवाणी दावा: २ वर्षे.
- नगर परिषद, ग्रामपंचायत: आधी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याची मुदत अवघी ६ महिन्यांची असते. त्यामुळे पाण्याच्या प्रकरणात वकिलाला पहिल्या महिन्यातच भेटा.

किती रक्कम मागायची?

अंदाजाने '२० लाख द्या' असं लिहू नका. प्रत्येक रकमेमागे कागद हवा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मंगरूळपीर तालुक्यातल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना खासगी दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला. पहिलं बिल ३५ हजार. संसर्गावर दुसऱ्या रुग्णालयात १ लाख ८० हजार. अकोला-नागपूरच्या फेऱ्या आणि राहणं २२ हजार. चार महिने शिवणकाम बंद, महिना ९ हजारांप्रमाणे ३६ हजार. सोबत थांबलेल्या मुलाची बुडालेली मजुरी २० हजार. हे झाले २ लाख ९३ हजार.

त्यावर वेदना आणि मानसिक त्रास, कायमचं अपंगत्व आलं असल्यास पुढच्या वर्षांचं बुडणारं उत्पन्न, पुढच्या उपचारांचा खर्च, तक्रारीचा खर्च आणि व्याज मागता येतं. पगाराची पावती नसणाऱ्यांनी निराश होऊ नये. बँकेचं पासबुक, ग्राहकांची वही, रोजगार हमीचं जॉबकार्ड, सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या यांवरूनही उत्पन्न दाखवता येतं. कायमचं नुकसान असेल तर सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

१. आधी उपचार. शक्य असेल तर दुसऱ्या रुग्णालयात दाखवा आणि तिथल्या डॉक्टरांना जुनी सगळी हकिगत तारखांसह लिहून घ्यायला सांगा.

२. पू, रक्त किंवा शौचाच्या नमुन्याची कल्चर तपासणी करून घ्या. कोणता जंतू आहे हे त्यात कळतं. दोन रुग्णांच्या अहवालात एकच जंतू निघाला, तर तक्रारीला मोठं बळ मिळतं. प्रतिजैविकं सुरू होण्याआधी नमुना घेतला तर उत्तम.

३. रुग्णालयाकडे संपूर्ण केस पेपरची प्रत लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्या. दिली नाही, तर तेही तक्रारीत लिहा.

४. बिलं, औषधांच्या पावत्या, इंजेक्शनच्या कुप्यांवरचे बॅच क्रमांक, रक्ताच्या पिशवीचा क्रमांक, सगळ्याचे फोटो काढा.

५. त्याच काळात तिथे उपचार घेतलेल्या इतरांशी बोला. त्यांची संमती घेऊनच नावं लिहा.

६. खासगी रुग्णालयाबद्दल जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. चौकशी झाली की तिचा अहवाल माहिती अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारांना शुल्क नाही.

७. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टरचं नाव घालून आरोप करू नका. बदनामीची उलट केस होऊ शकते. तोडफोड, धमकी यांनी तर तुमची बाजू पार खचते.

आणि हो, ऑपरेशनपूर्वी संमतीपत्रावर सही केली म्हणून हक्क जात नाही. ती सही धोका समजून उपचार घेण्यासाठी असते. निष्काळजीपणाला दिलेली ती परवानगी नव्हे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, तर?

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते. हेल्पलाइन १५१०० आहे.

हे सगळं करून उपयोग होतो का?

प्रत्येक वेळी नाही. एकट्या रुग्णाची, कागद नसलेली तक्रार अनेकदा फेटाळली जाते. निकालाला वर्षंही लागतात, आणि जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होऊ शकतं. पण ज्यांच्याकडे तारखा, अहवाल आणि सोबतच्या रुग्णांची साक्ष असते, त्यांचं म्हणणं सहज उडवता येत नाही. चौकशी लागली की शस्त्रक्रियागृहाची तपासणी होते, विहिरीत टीसीएल पडू लागतं, रक्तपेढी नोंदी नीट ठेवू लागते. त्याचा फायदा पुढच्या रुग्णाला होतो.

तुमच्या ओळखीत कुणी नुकतंच अशा त्रासातून जात असेल, तर आज त्यांना एकच गोष्ट सांगा: केस पेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाकीचं ठरवायला थोडा वेळ मिळतो, पण कागद हरवले तर ते पुन्हा मिळत नाहीत.

सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक प्रकरणातली परिस्थिती वेगळी असते, म्हणून दावा करण्यापूर्वी वकिलाचा किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्या.